वंदनाच्या लॅपटॉपवरच्या एकतीस चुका

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमच्या सासूबाई दर अमावास्येला लिंबू उतरवून कोपऱ्यात टाकतात. एकदा घरात लिंबू नव्हतं म्हणून मी तेच उचललं, धुतलं आणि पोह्यांवर पिळलं. कुणालाही काही झालं नाही. (सासूबाईंना हे अजून माहीत नाही.) या ग्रुपवर मी फक्त वाचायला येते, आणि राग मानू नका, पण निम्मे अनुभव वाचून हसते. आता माझ्यावर हसायची पाळी तुमची...

भीतीचं मात्र यात काही सापडणार नाही. वेळ सकाळी अकराची, ऊन एप्रिलचं, आणि स्वयंपाकघरातून धपाट्यांचा वास येत होता. भ्यायला मला सवडच नव्हती. मला त्या वेळी एका बाईचा इतका हेवा वाटत होता की बाकी काही सुचत नव्हतं.

मी सुमन. बीडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोसेसरच्या लॅबला आहे. माहेर चकलांब्याच्या बाजूला, वस्तीवर. घरी शेरडं-मेंढरं. ती बाई म्हणजे वंदना, पाटोद्याची, बाजारपेठेत वडिलांचं कापडाचं दुकान. डिप्लोमाला आम्ही एका बाकावर, होस्टेलला एका खोलीत. आता ती पुण्यात मोठ्या कंपनीत आहे, हाताखाली चाळीस माणसं. मी अजून त्याच लॅबमध्ये पोरांच्या जर्नलवर सह्या करते. पण हेवा त्याचा नाही. हेवा कुलथे सरांवरून आहे... आणि तो तेव्हापासूनचा आहे.

कुलथे सर आम्हाला 8085 शिकवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी - हा एक जुना प्रोसेसर, आठ बिटांचा, आताच्या मोबाईलपुढे अगदीच गरीब. आमच्या वेळी त्याचं एक किट असायचं, वीस-पंचवीस बटणांचं. कॉम्प्युटर नव्हताच. प्रोग्रॅम वहीत लिहायचा, एकेका ओळीचा कोड तक्त्यात बघून हाताने काढायचा आणि बटणं दाबून आत घालायचा. एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात.

सर वह्या तपासायचे ते खालून वर. शेवटची ओळ आधी, पहिली ओळ शेवटी. म्हणायचे, "वरून वाचलं की माणूस गोष्ट ऐकल्यासारखं वाचतंय. खालून वाचलं की चूक दिसती." हातात पेन्सिल. एकेक चूक दुरुस्त करत वर जायचे आणि सगळ्यात वरची, म्हणजे शेवटी उरलेली, कधीच दुरुस्त करायचे नाहीत. वही बंद करून हातात द्यायचे आणि दोनच शब्द बोलायचे. "एक तुझी."

ती एक आपली आपण शोधायची.

वंदनाच्या वहीत चुकाच चुका. त्यामुळे सर तिच्याशेजारी अर्धा अर्धा तास बसायचे. तिच्या वहीत पेन्सिल फिरायची, मधेच सर हसायचे, तीही हसायची. माझा प्रोग्रॅम बिनचूक असायचा. सर उभ्या उभ्या बघायचे, टिक करायचे आणि पुढे जायचे. "तुझ्याकडं काय बसायचं?" हे ते कौतुकाने म्हणायचे हो, कळायचं मला. पण वर्षभर कुणी आपल्या शेजारी बसलंच नाही, तर त्या कौतुकाचं काय लोणचं घालायचं?

एकदा मी मुद्दाम चुका केल्या. चार-पाच ठिकाणी आकडे फिरवून ठेवले. सर आले, खालून वाचायला लागले आणि तिसऱ्याच ओळीला थांबले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सुमन, ही चूक तुझी न्हाई. ही माणूस बोलवायला केलेली दिसती." आणि वही ठेवून गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शेवटच्या वर्षी सरांनी आम्हा दोघींना एकच काम दिलं. त्यांच्या गावातल्या पाण्याच्या टाकीला चार वॉल्व्ह होते, गावाच्या चार भागांना. ते आळीपाळीने, ठरल्या वेळेपुरते आपोआप उघडतील असा प्रोग्रॅम लिहायचा. माणूस वॉल्व्हवर बसला की आपल्या भावकीला जास्त सोडतो, यावरून गावात भांडणं व्हायची. आम्ही दोघींनी आपापले प्रोग्रॅम लिहिले, सरांनी दोन्ही वह्या घेतल्या, "बघतो" म्हणाले. परीक्षा झाली, आम्ही पांगलो, माझं लग्न झालं. कॉलेजच्या प्रदर्शनात वंदनाचा प्रोग्रॅम मांडलेला मी स्वतः पाहिला होता. पुढे कळलं की सरांनी गावात टाकीवर प्रोग्रॅमची पेटी बसवली. म्हणजे वंदनाचीच, दुसरं काय? मी कधी विचारलं नाही. विचारून तेच ऐकायचं ना?

सर दोन वर्षांपूर्वी गेले. वंदना पुण्याहून पोचली, काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, गळ्यात पडून रडली. मी तिच्या मागे उभी. तेव्हाही मनात आलं, बघा, इथेही हीच पुढे.

आता मूळ गोष्ट.

गेल्या एप्रिलमध्ये वंदनाचा फोन आला. "सुमे, सरांची टाकीवरची पेटी बंद पडलीय. काकूंचा फोन आलेला. तू येशील का? मला ते 8085 आता काहीच आठवत नाही गं."

पहिली कळ इथे आली. काकूंनी फोन केला कुणाला, तर पुण्याला! मी बीडमध्ये, शिरूर कासारला एसटीने कितीसा वेळ लागतो? पण गेले. एक तर सरांचं काम, आणि दुसरं म्हणजे वंदनाला काही आठवत नाही हे याचि डोळा बघायचं होतं.

सरांचं गाव शिरूर कासार तालुक्यात, नाव देत नाही. पेटी कशी बंद पडली ते भगवानमामांनी सांगितलं. मामा टाकीची देखभाल बघतात. टाकीला रंग द्यायचा म्हणून त्यांनी पेटी उघडली, आतलं सगळं फडक्याने पुसलं आणि चिपवरचा कागदाचा तुकडा खरवडून काढला. मग झाकण न लावता पेटी महिनाभर उन्हात. त्या जुन्या चिपला वर काचेची खिडकी असते, तिच्यात ऊन गेलं की आतला प्रोग्रॅम पुसला जातो. म्हणून तर कागद चिकटवलेला असतो.

"मला काय ठावं बाई," मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "मला वाटलं दुकानाचं लेबल हाय. मळलं बी लई होतं. आन् आता वॉल्व्ह हातानं सोडतोय तर धा मान्सं धा बाजूनं वरडत्यात. वरच्या धनगरवस्तीला तर आठ दिस झाले थेंब न्हाई."

ते शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. आमची वस्तीही अशीच, नळाच्या शेवटच्या टोकाला. पाणी सुटल्याचा आवाज गावातून यायचा आणि आमच्या नळातून नुसती हवा.

सरांच्या घरी बसून करायचं काम असं होतं - प्रोग्रॅम लॅपटॉपवर टाइप करायचा, असेंबलर नावाचं सॉफ्टवेअर त्याचा 8085 ला कळेल असा कोड बनवणार आणि तो नव्या चिपवर उतरवायचा. लॅपटॉप चौसष्ट बिटांचा, त्याला स्वतःला तो कोड अजिबात चालवता येत नाही. तो फक्त बनवून देतो.

काकूंना सरांच्या कपाटात एक कागद सापडला होता. पेटीत बसवलेल्या प्रोग्रॅमची सरांनी स्वतःच्या अक्षरात केलेली नक्कल. त्याचा फोटो वंदनाने पुण्यालाच मागवून घेतला होता आणि प्रोग्रॅम टाइप करून आणला होता. मूळ कागद काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून टेबलावर ठेवला होता. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वंदनाचा प्रोग्रॅम, मी कशाला वाचू? मी आपली जुनी कच्ची वही नेली होती. कॉलेजच्या लॅपटॉपवर माझा प्रोग्रॅम टाइप केला, असेंबलर चालवला... शून्य चुका. पहिल्या फटक्यात.

वंदनाने तिचा चालवला. काळ्या खिडकीत एररची रांग लागली. एकतीस.

"अगं, हे काय म्हणतंय? F0H नावाचं काही सापडत नाही?"

मला कळलं होतं. हाताने कोड काढणाऱ्यांचीच ही चूक. वहीत आम्ही F0H असंच लिहायचो, किटला काही फरक पडायचा नाही. पण कॉम्प्युटरवरच्या असेंबलरला अक्षराने सुरू होणारा आकडा चालत नाही. पुढे शून्य लावावं लागतं, 0F0H, नाहीतर तो त्याला कुणाचं तरी नाव समजतो. दरवर्षी पोरांना मी पहिल्या तासाला हे सांगते.

वंदनाला नाही सांगितलं.

"बघ बाई," मी म्हटलं, "तुमच्या पुण्याकडं काय पद्धत आहे, मला काय माहीत."

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि लगेच कट झाला. त्या खोलीत रेंज नाही. ती उठून बाहेर लिंबाच्या झाडाखाली गेली. खिडकीतून मला दिसत होती, एक कान झाकून मोठ्याने इंग्रजी बोलत होती. काकू आत. खोलीत मी एकटी.

आता माझा नीचपणा ऐका. मी उठून तिच्या खुर्चीत बसले, त्या एकतीस चुका पुन्हा एकदा डोळे भरून बघायला. त्या काळ्या खिडकीत वरच्या बाणाचं बटण आणि एंटर दाबलं की मघाचीच कमांड पुन्हा चालते. मी दाबलं.

सव्वीस.

मला वाटलं, मघाशी मोजण्यात चूक झाली. पुन्हा दाबलं. एकोणीस.

फाईल उघडलेलीसुद्धा नव्हती. वंदना झाडाखाली. मी बाण आणि एंटर सोडून कशालाही हात लावला नव्हता. पुन्हा... बारा. आता मी ओळींचे नंबर बघायला लागले, तर शेवटच्या ओळींच्या चुका गेलेल्या. वरच्या तशाच. पुन्हा दाबलं. आठ. त्या वरच्या आठ.

खालून वर चालल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, अंगावर काटा आला असेल, पळाली असेल. खरं सांगू? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे मेल्यावरसुद्धा सर तिच्याच टेबलाशी! ती बाहेर फोनवर गप्पा मारतेय, आणि सर तिच्या चुका काढत बसलेत! मी शून्य चुका करून तासभर इथे बसलेय, त्याचं कुणाला काही नाही!

"सर, मी इकडं आहे," मी मोठ्याने म्हणाले. त्या रिकाम्या खोलीत. वय वर्षं शेहेचाळीस.

आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी माझ्या लॅपटॉपकडे गेले, माझ्या बिनचूक प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणचं शून्य काढून टाकलं आणि सेव्ह करून चालवला. एक एरर. पुन्हा बाण, एंटर. एक एरर. मी श्वास रोखून दहा वेळा दाबलं. एक, एक, एक... ती चूक जागची हलली नाही. आणि मला सरांचं ते वाक्य आठवलं, माणूस बोलवायला केलेली. डोळ्यात पाणीच आलं.

तोंड पुसलं आणि पुन्हा वंदनाच्या खुर्चीत जाऊन दाबलं.

एक.

नववी ओळ. KABARI नावाचं काही सापडत नाही.

मी ते नाव दोनदा वाचलं. प्रोग्रॅममध्ये ठिकठिकाणी नावं द्यावी लागतात, त्याला लेबल म्हणतात. सगळी शहाणी माणसं LOOP1, DELAY2 अशी देतात. वंदनाही तशीच द्यायची. मी एकटीच अशी होते की आमच्या शेळ्यांची नावं द्यायची. कबरी, तांबी, मोरी, बांडी. होस्टेलवर सगळ्या मला त्यावरून चिडवायच्या.

मी ती प्लास्टिकची पिशवी ओढली. सरांचं अक्षर, नवव्या ओळीला CALL KABRI. त्याखाली TAMBI, MORI, BANDI. प्रोग्रॅम माझा होता. टाकीवर इतकी वर्षं माझाच प्रोग्रॅम चालत होता.

नवव्या ओळीची चूक राहिली होती ती राहिलीच. मी पाच-सहा वेळा दाबून बघितलं, एकची शून्य होईना. मग लक्षात आलं की ती होणारच नाही. ती माझी होती.

फाईल उघडायच्या आधी मी ती शेवटची कधी सेव्ह झाली ते बघितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी, पुण्यात. उघडली, तर तीस ठिकाणी F च्या, A च्या, C च्या आधी शून्य बसलेलं. मी KABARI मधला जास्तीचा A काढला, सेव्ह केलं, चालवलं. शून्य चुका.

वंदना आत आली. स्क्रीन बघून तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. "झालं? तू केलंस?"

"हो," मी म्हणाले.

तेवढ्यात काकू ताट घेऊन आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कावून गं सुमन, डोळे लाल कावून झाले?" मी म्हटलं, धूर. गॅसवरच्या धपाट्यांचा धूर! काकूंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्या पिशवीकडे पाहिलं आणि माझ्या ताटात लोणी जरा जास्तच वाढलं.

जेवताना मी वंदनाला विचारलं, शक्य तितक्या सहज, "हा माझा प्रोग्रॅम आहे ना?"

ती घास हातात धरून बघतच राहिली. "मग कुणाचा? माझ्यात गाव पहिलं होतं आणि धनगरवस्ती शेवटी. तुझ्यात वस्ती पहिली. सर मला म्हणाले, टाकी भरलेली असताना लांबचं आधी सोडलं तरच तिथवर पोचतं, हे फक्त सुमनला कळलं. तुला ठाऊक नव्हतं? ... अगं, मला किती वर्षं तुझा राग होता त्यावरून! मला वाटायचं, अर्धा तास माझ्याशेजारी बसतात आणि बसवतात मात्र हिचा."

पुण्याची मोठी मॅनेजर, एकदम पाटोद्याची होऊन बोलत होती. "लई जळायचे मी तुझ्यावर. लई."

दुपारी चिपवर कोड उतरवला, खिडकीवर दोन पदरी कागद चिकटवला आणि मामांना सांगितलं की या कागदाला हात लावाल तर खबरदार. चिप पेटीत बसवली. टक्‌ आवाज झाला आणि पहिला वॉल्व्ह उघडला. पंधरा-वीस मिनिटांनी मामांना वरच्या वस्तीवरून फोन आला. पलीकडची बाई इतकी ओरडून बोलत होती की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "आलं! आमच्याकडं आधी आलं!" मी तोंड फिरवून टाकीकडे बघत उभी राहिले.

नंतर मी आमच्या कॉलेजातल्या सॉफ्टवेअरवाल्या सरांना विचारलं, नाव-गाव न सांगता. ते म्हणाले, फाईल नेटवरून बदलली असेल. पण तिथे नेट नव्हतं. मग म्हणाले, एखादं आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर असेल. तसं असेल तर ते खालून वर का जातं आणि एक चूक का ठेवतं? यावर ते म्हणाले, मॅडम, तुम्हीच केलं असेल आणि विसरला असाल. असेल बाबा. माझ्याकडे याहून चांगलं काही उत्तर नाही. कुणाकडे असेल तर खाली लिहा.

वंदनाला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. ती अजून समजते की त्या चुका मी काढल्या. मैत्रिणींच्या ग्रुपवर तिने तसं लिहिलंही, वर माझा फोटो. सरांचं काम मी माझ्या नावावर घेतलंय आणि ते मला टोचतं. पण सांगायला गेले तर ती काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय... "म्हणजे सर माझ्या लॅपटॉपवर आले होते!" प्रोग्रॅम माझा असला तरी लॅपटॉप तिचा होता, चुकाही तिच्याच. मग सर नक्की कुणाशेजारी बसले होते? हा वाद मला घालायचा नाही, कारण मी हरेन अशी भीती वाटते.

कॉलेजच्या लॅपटॉपवर ती मुद्दाम केलेली एक चूक मी अजून तशीच ठेवली आहे. लॅब रिकामी असली की अधूनमधून बाण आणि एंटर दाबून बघते. एक एरर येतो. मग मी लॅपटॉप बंद करते आणि पोरांच्या वह्या घेऊन बसते, खालून वर.